डाव्या हाताचा प्रयोग, उजव्या हाताची साक्ष

"बोटं मोडू नकोस, म्हातारपणी सांधे धरतील," असं घरातली मोठी माणसं मुलांना सांगत आली आहेत. कॅलिफोर्नियातले डॉक्टर डोनाल्ड अंगर यांनाही लहानपणी आई आणि घरातल्या इतर बायका हेच सांगायच्या. लग्नानंतर सासूबाईंचीही त्यात भर पडली. अंगर यांनी वाद घातला नाही. ते रोज किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडू लागले आणि उजव्या हाताला मात्र त्यांनी ती मुभा दिली नाही. असं त्यांनी ५० वर्षं केलं. हिशेब केला तर डाव्या हाताची बोटं किमान ३६,५०० वेळा मोडली गेली. मग त्यांनी दोन्ही हातांची तुलना केली. संधिवात डाव्या हातात नव्हता आणि उजव्यातही नव्हता. १९९८ मध्ये त्यांनी हे सगळं संधिवातावरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात पत्ररूपानं छापलं. २००९ मध्ये त्यांना इग्नोबेल पुरस्कार मिळाला. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात.

एका माणसाच्या दोन हातांवरून साऱ्या जगाबद्दल काही सिद्ध होत नाही, हे उघड आहे. तरीही या प्रयोगातला उजवा हात मला फार मोलाचा वाटतो. त्याला काहीच करायचं नव्हतं. पण तो नसता, तर म्हातारपणी डावा हात दुखू लागल्यावर ते दुखणं बोटं मोडल्याचं की वयाचं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

घरात मुलं असतील, तर शरीराबद्दलचे प्रश्न रोज कानावर येतात. पाण्यात बोटं का सुरकुततात? सर्दीत जेवण बेचव का लागतं? आवळ्यानंतर पाणी गोड का लागतं? आपण मोबाइलवर शोधून दोन ओळींचं उत्तर सांगतो आणि मूल "बरं" म्हणून निघून जातं. माझा आग्रह असा, की शक्य असेल तिथे उत्तराआधी मोजमाप करा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन हात, दोन डोळे आणि नाकाची एक चिमूट एवढ्यावर पुष्कळ काही तपासता येतं. शिवाय अंगर यांना जे सुचलं ते शरीरानं आपल्याला आधीच देऊन ठेवलं आहे: एका बाजूवर प्रयोग करायचा, दुसरी तुलनेसाठी तशीच ठेवायची.

सुरुवात तीन पातेल्यांनी करा. एकात माठातलं गार पाणी घ्या, दुसऱ्यात आंघोळीइतकं गरम (चटका बसेल इतकं नको) आणि मधल्यात कोमट. डावा हात गार पाण्यात, उजवा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा आणि मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात घाला. पाणी एकच, पण डावा हात ते गरम असल्याचं सांगेल आणि उजवा गार असल्याचं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९० सालच्या आपल्या ग्रंथात नेमक्या याच अनुभवाचा दाखला दिला होता. त्वचेतल्या मज्जातंतूंची टोकं थर्मामीटरसारखा आकडा सांगत नाहीत, आताच्या तापमानात काय बदल झाला ते ती प्रामुख्यानं कळवतात. मुलांना हे शब्दांत सांगण्याची घाई करू नका. त्यांना आधी दोन हातांचं भांडण अनुभवू द्या. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघण्याची रीत किती शहाणपणाची आहे, हेही इथेच कळतं. गरम भांड्यांत काम करून आलेला हात कढत पाण्यालाही कोमट म्हणू शकतो, आणि चूक या बाजूला झाली तर बाळाला भाजतं. कोपर सहसा त्या कामात नसतो.

आता सुरकुत्यांकडे वळू. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा प्रयोग वाटतो त्याहून अवघड आहे आणि त्याचं उत्तर अजून पक्कं ठरलेलं नाही. बरेच जण मानतात की कातडी पाणी शोषून फुगते आणि म्हणून सुरकुतते. पण ज्या बोटाची नस तुटली आहे ते बोट पाण्यात नेहमीसारखं सुरकुतत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात १९३०च्या दशकातच आलं होतं. म्हणजे या सुरकुत्या मज्जासंस्था घडवते. बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला गर थोडा कमी होतो आणि वरची कातडी घड्या घेते. लहान मुलाच्या हाताला जखम झाली आणि त्याला काय जाणवतं हे त्याला सांगता येत नसेल, तर नस शाबूत आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टर या गोष्टीचा उपयोग करत आले आहेत.

पण शरीर हा खटाटोप कशासाठी करतं? २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना कोमट पाण्यात हात भिजवायला लावले आणि मग गोट्या एका भांड्यातून उचलून दुसऱ्या भांड्यात टाकायला सांगितल्या. पाण्यातल्या गोट्या सुरकुतलेल्या बोटांनी लवकर हलवल्या गेल्या. कोरड्या गोट्यांमध्ये फरक पडला नाही. टायरवरच्या खाचांसारखा सुरकुत्यांचा उपयोग होत असावा, असा अंदाज त्यावरून बांधला गेला. पुढच्याच वर्षी बर्लिनमधल्या संशोधकांनी तसाच प्रयोग केला आणि त्यांना फरक आढळला नाही. दोन चांगल्या प्रयोगशाळा, दोन निरनिराळी उत्तरं! मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पाठ्यपुस्तकात सगळे प्रश्न सुटलेले असतात, त्यामुळे न सुटलेला प्रश्न हाती आला की मुलांच्या डोळ्यांत निराळीच चमक येते.

हा प्रयोग घरी करायचा, तर दोन वाडगे, वीस-पंचवीस गोट्या आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरेसं आहे. एका वाडग्यात पाणी भरून त्यात गोट्या टाका. त्या एकेक करून दुसऱ्या वाडग्यात हलवायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग अर्धा तास कोमट पाण्यात हात ठेवा. पाणी थंड होऊ लागलं की थोडं गरम घालत राहा. त्यानंतर पुन्हा मोजा.

आता खरी गंमत सुरू होते. समजा, भिजल्यानंतर वेळ कमी लागला. श्रेय सुरकुत्यांना द्यायचं का? दुसऱ्या खेपेला मुलाचा हात सरावला असेल, म्हणूनही वेळ कमी लागू शकतो. बरं, एक हात भिजवून दुसरा कोरडा ठेवला आणि दोघांची तुलना केली तर? उजव्या हाताचं मूल उजव्या हातानं तसंही चपळच असणार. हे प्रश्न तुम्ही विचारू नका, मुलांकडून येण्याची वाट पाहा. नाहीच आले तर एवढंच विचारा, "दुसरं काही कारण असू शकेल का?" मार्ग मुलंच काढतात. एक म्हणेल, मोजायच्या आधीच भरपूर सराव करू, म्हणजे सरावानं वेळ कमी होणं थांबेल. दुसरी म्हणेल, आज उजवा भिजवू, उद्या डावा. तिसऱ्याला सुचेल की निम्म्या मुलांनी आधी कोरड्या हातानं आणि मग भिजलेल्या हातानं करावं, निम्म्यांनी उलट. वैद्यकीय संशोधनात औषधांच्या चाचण्या आखताना याच अडचणींवर विचार करावा लागतो. दहा वर्षांच्या मुलीला तिथपर्यंत स्वतःच्या बुद्धीनं पोचताना पाहण्याचा आनंद कोणत्याही तयार उत्तरात नाही.

सुरकुत्यांचा फोटोही काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच बोट पुन्हा भिजवा आणि घड्या त्याच जागी पडतात का ते पडताळून पाहा.

फूटपट्टीचा खेळ बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एकानं ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची, दुसऱ्यानं खालच्या शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा पकडतो. जिथे पकडली तो आकडा वाचा. गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा हिशेब ठरलेला असल्यानं त्या अंतरावरून वेळ काढता येतो: १० सेंटिमीटरला ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२०, २५ ला ०.२३. बहुतेक मोठ्या माणसांचा आकडा १५ ते २५च्या दरम्यान येतो. उजवा हात आणि डावा हात आलटून-पालटून घ्या, प्रत्येकी दहा खेपा मोजा आणि सगळ्यांत चांगल्या आकड्यावर भाळून न जाता सरासरी काढा. मग कुणाला तरी मोबाइलवर बोलता-बोलता पट्टी पकडायला सांगा. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी मोटरसायकल ०.२ सेकंदात तीन मीटरहून पुढे जाते. हे गणित नुकतंच लायसन्स काढलेल्या घरातल्या मुलामुलींकडूनच करून घ्या. त्याचा परिणाम उपदेशाहून निराळा होतो.

याच खेळाचं एक खोडकर रूप आहे. ५०० रुपयांची नोट उभी धरा. समोरच्याची बोटं नोटेच्या मध्याशी उघडी राहू द्या आणि सांगा, "पकडलीस तर तुझी." नोट १५ सेंटिमीटर लांब आहे, त्यामुळे बोटांखाली फक्त साडेसात सेंटिमीटर उरतात आणि तेवढं अंतर नोट सुमारे ०.१२ सेकंदात पार करते. डोळ्यांनी पाहून मेंदूनं हुकूम देईपर्यंत ती निसटलेली असते. अंदाजानं आधीच बोटं मिटणाऱ्याला मात्र ती सापडू शकते, तेव्हा नोट सोडताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका.

डोळ्यांचा प्रयोग कागदावरचा आहे. कागदावर डावीकडे एक छोटी फुली आणि तिच्यापासून ८ सेंटिमीटरवर उजवीकडे नखाएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. दृष्टिपटलावर जिथून मज्जातंतूंची जुडी बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. १६६०च्या दशकात फ्रान्समध्ये एदम मारियोत यांनी हा अंधबिंदू दाखवून दिला, तोवर तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. आता उजवा डोळा झाकून डाव्यानं ठिपक्याकडे पाहा, या खेपेला फुली गडप होईल. नंतर ठिपक्यामधून जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि पहिला प्रयोग पुन्हा करा. ठिपका जातो, पण रेघ अखंड दिसते! रिकाम्या जागी काय असायला हवं हे मेंदू आजूबाजूच्या रेघेवरून भरून काढतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात मज्जातंतू पटलाच्या मागून जातात, म्हणून त्याला अंधबिंदू नसतो. हे ऐकून मुलं ऑक्टोपसचा हेवा करतात.

काही ठिकाणी दुसरा हात किंवा दुसरा डोळा नसतो. तिथे आपणच वेगळ्या वेळी आपली तुलना बनतो. उंचीचं उदाहरण घ्या. सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर मुलाला भिंतीला टेकून उभं करा, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा आणि पेन्सिलीनं खूण करा. रात्री झोपण्याआधी, अनवाणीच, पुन्हा खूण करा. रात्रीची खूण साधारण सेंटिमीटरभर खाली येते, कधी त्याहून थोडी अधिकही. दिवसभर उभं राहण्या-बसण्यात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दाबानं थोडं बाहेर जातं, आडवं झालं की परत भरतं. अंतराळवीरांची उंची तर ५ सेंटिमीटरपर्यंत वाढते, कारण तिथे मणक्यांवर वजनाचा दाब नसतो. एका दिवसाच्या खुणांवर विसंबू नका. आठवडाभर मोजा आणि खूण करणारी व्यक्ती बदलू नका.

वजनाचाही असाच एक प्रयोग आहे. इटलीतले वैद्य सांतोरियो यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं स्वतःचं, खाल्ल्या-प्यायल्याचं आणि बाहेर टाकलेल्याचं वजन केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १६१४ मध्ये निघालं. खाल्लेल्यापैकी बराच भाग डोळ्यांना न दिसता शरीरातून जातो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. तुम्ही झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर, मध्ये काही न खाता-पिता आणि लघवीला जाण्याआधी, डिजिटल काट्यावर उभे राहा. मोठ्या माणसाचे दोन-तीनशे ग्रॅम कमी भरतात. ते श्वासातल्या वाफेतून, कार्बन डायऑक्साइडमधून आणि न जाणवणाऱ्या घामातून गेलेले असतात. हा प्रयोग मात्र मोठ्यांनी स्वतःवरच करावा. वजनावरून चिडवणं मुलांच्या मनाला फार लागतं, आणि दोन मुलांना शेजारी-शेजारी काट्यावर उभं करून कोणतंही विज्ञान शिकवता येत नाही.

चवीच्या प्रयोगांत सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण जिभेला आधीच ठाऊक असतं की तिला काय मिळणार आहे. म्हणून डोळे बांधा. नाक चिमटीत धरून वेलदोड्याचा दाणा चावायला द्या. तिखट-तुरट असं काहीतरी कळेल, वेलदोडा कळणार नाही. नाक सोडलं की घशामागून वास वर चढतो आणि एका क्षणात वेलदोडा हजर होतो. सर्दीतल्या बेचव जेवणाचं कारण मुलांच्या तोंडातच सापडतं.

जिभेच्या नकाशाचंही असंच करा. गोड टोकाला, कडू मागे, आंबट कडेला, असं चित्र अनेकांनी शाळेत गिरवलं आहे. १९०१ मध्ये एका जर्मन संशोधकानं जिभेच्या निरनिराळ्या भागांत संवेदनेचा थोडासा फरक नोंदवला होता. १९४२ मध्ये एका अमेरिकन पुस्तकात त्याची मांडणी अशी झाली, की प्रत्येक चवीला जणू वेगळा प्रांतच मिळाला. कापसाची काडी साखरेच्या, मिठाच्या, लिंबाच्या आणि कारल्याच्या पाण्यात बुडवून जिभेच्या प्रत्येक भागाला लावून पाहा. एक काडी नुसत्या पाण्याची ठेवायला विसरू नका, तीच इथली तुलनेची बाजू. कोणती काडी कशाची हे लावणाऱ्यालाही माहीत नसेल तर उत्तमच, कारण आपण नकळत भुवया उंचावून उत्तर सांगून टाकतो.

ठेचा खाऊन तोंड पोळलं की पाणी उपयोगी पडतं की दूध? आज एकानं पाणी प्यावं आणि दुसऱ्यानं दूध, उद्या अदलाबदल करावी, आणि जळजळ थांबेपर्यंतची मिनिटं लिहावीत. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. मुख्य म्हणजे, ते जिभेवरच्या त्याच ग्राहींना चेतवतं जे एरवी भाजणारी उष्णता ओळखतात. हा ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. लहान मुलांना या प्रयोगात फक्त वेळ मोजायचं काम द्या.

सुरक्षेबद्दल आता स्पष्ट बोलतो. जे. बी. एस. हाल्डेन हे थोर जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. पाणबुड्यांचे जीव वाचावेत म्हणून त्यांनी दाबाच्या बंद कोठडीत स्वतःवर प्रयोग केले आणि त्यात त्यांच्या मणक्याला कायमची इजा झाली. ते युद्धकाळातलं, जाणकारांच्या देखरेखीखालचं धाडस होतं. घरातल्या प्रयोगात श्वास कोंडण्याची पैज नको. गळ्याच्या दोन्ही बाजू दाबून नाडी बघणं नको, नाडी मनगटावरच बघा. सूर्याकडे पाहणं, भिंगातून तर मुळीच, नको. कानात काही घालणं, टोचून रक्त काढणं, औषधाच्या गोळ्यांशी खेळणं नको. कुणाला दमा, फिट किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर त्या मुलाकडे घड्याळ आणि वही द्या. ती कामंही तितकीच महत्त्वाची आहेत.

वहीबद्दल थोडं. डावीकडे तारीख, वेळ, कोणाचा कोणता हात, पाणी साधारण किती गरम. उजवीकडे आकडे. प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज लिहून ठेवावा, मागाहून "मला वाटलंच होतं" म्हणता येऊ नये म्हणून. आकडे पेनानं लिहायला लावा, पेन्सिलीनं नको. मुलांना नको असलेला आकडा खोडायची सवय असते, आणि मोठ्यांनाही.

या सुट्टीत सगळे प्रयोग करू नका. एकच निवडा, तोच पुष्कळ वेळा करा. माझं मत विचाराल तर गोट्यांचा निवडा, कारण न्यूकॅसल आणि बर्लिन यांच्यातला वाद मिटलेला नाही. वाड्यातली, सोसायटीतली दहा-बारा मुलं जमवा. निम्म्यांनी आधी कोरड्या हातानं सुरुवात करावी, निम्म्यांनी भिजलेल्या. शेवटी काहीच फरक दिसला नाही, तर वहीत तारीख घालून तेच लिहा: "फरक आढळला नाही."